हौशी आकाशनिरीक्षण आणि कृत्रिम उपग्रह (सातारा-सांगली परिसर)

सातारा व सांगली जिल्ह्यांत नुसत्या डोळ्यांनी, द्विनेत्रीने किंवा लहान दुर्बिणीने हौस म्हणून केले जाणारे आकाशनिरीक्षण, आणि २०१९ नंतर डोक्यावर वाढत गेलेल्या उपग्रहांमुळे त्यात पडलेला फरक. उपग्रहांनी आकाश ‘बिघडवले’ अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. ती खरी आहे, पण ती प्रत्येक अक्षांशाला आणि रात्रीच्या प्रत्येक प्रहराला सारखी लागू पडत नाही. साताऱ्याच्या आकाशाचा विचार करताना हा भेद महत्त्वाचा ठरतो.

सातारा शहर सुमारे १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, सांगली १६.९ अंशांवर. ध्रुवतारा आपल्या अक्षांशाइतकाच वर दिसत असल्याने इथे तो उत्तरेला बराच खाली असतो. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशाचे साधारण १० अंश झाकते. या मापाने ध्रुव क्षितिजापासून दोन मुठींनाही थोडा कमी पडतो. फेब्रुवारीच्या मध्यात रात्री नऊच्या सुमारास पाठ फिरवून दक्षिणेकडे पाहिले, तर अगस्ती हा तारा जवळजवळ तेवढ्याच उंचीवर, २० अंशांच्या आतबाहेर, लखलखत असतो. मेच्या मध्यात त्रिशंकूचा क्रूस दक्षिण क्षितिजावर बारा-एक अंश वर उभा राहतो. त्यानंतर तासाभरात नरतुरंग या तारकासमूहातला मोठा गोलाकार तारकागुच्छ पंचवीस अंशांपर्यंत चढतो आणि द्विनेत्रीत कापसाच्या बोंडासारखा दिसतो. युरोपातल्या बहुतेक हौशी मंडळींच्या नशिबी हे दोन्ही नाहीत.

या आकाशाची ओळख गावांत पिढ्यान्‌पिढ्या आहे, फक्त नावे वेगळी. मृगाच्या पट्ट्यातल्या तीन ताऱ्यांना तिकांडे म्हणतात, सप्तर्षींच्या चौकोनाला बाज किंवा खाट. रात्री रानात पाणी द्यायला जाणाऱ्याला कृत्तिका कुठे आल्या यावरून वेळ कळत असे. शेतीची वीज पुष्कळदा रात्रीची मिळत असल्याने पाणी द्यायला जाणे अजून सुटलेले नाही, कृत्तिकांकडे पाहणे मात्र सुटले. संघटित हौशी निरीक्षणाची परंपरा या भागाला पुण्याकडून मिळाली. तिथली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ साली स्थापन झाली.

निरीक्षणाचा हंगाम कोजागरीपासून मेअखेरपर्यंत. जून ते सप्टेंबर सह्याद्रीच्या माथ्यावर आकाश दिसणे हा योगायोगच म्हणायचा. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यातल्या माण-खटावात तो पाचशेच्या आसपास असतो. सांगलीच्या पूर्वेकडच्या आटपाडी, जत भागाचीही तीच कथा. ज्या कोरडेपणाने इथली माणसे छावण्यांवर आणि टँकरवर आणली, त्यानेच रात्रीचे आकाश स्वच्छ राखले आहे. दुष्काळाचे हे एवढेच देणे. पश्चिमेकडे कासचे पठार (उंची सुमारे १,२०० मीटर, २०१२ पासून जागतिक वारसा स्थळ असलेल्या पश्चिम घाटाचा भाग), ठोसेघर-चाळकेवाडीचा माथा आणि कोयनेच्या जलाशयाकाठची बामणोली, तापोळा ही ठिकाणे निरीक्षकांच्या पसंतीची. हिवाळ्यात खाली दरीत धुके दाटले की गावांचे दिवे त्याखाली झाकले जातात आणि वरचे आकाश उलट जास्त काळे होते. मुक्काम अमावास्येच्या जवळच्या शनिवारी ठरवावा लागतो. ‘अवसेला रात्री डोंगरावर कशाला?’ हा घरातला प्रश्न त्याबरोबर येतोच.

मानवनिर्मित पहिला उपग्रह, सोव्हिएत स्पुटनिक, ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोडण्यात आला. तेव्हा जगभर लोकांनी जो सरकता ठिपका पाहिला तो बहुतांशी स्पुटनिक नव्हताच. तो त्याला वर नेणाऱ्या अग्निबाणाचा मोठा टप्पा होता. खुद्द उपग्रह ५८ सेंटिमीटर व्यासाचा गोळा असल्याने फारच मंद होता. पुढची सहा दशके उपग्रह दिसणे ही मौजेची गोष्ट होती. इरिडियम या दळणवळण उपग्रहांच्या मालिकेतल्या पहिल्या पिढीच्या चकचकीत अँटेनांवरून सूर्यप्रकाश परावर्तित होऊन काही सेकंद शुक्रापेक्षाही तेजस्वी झळक दिसे. तिची वेळ सेकंदाबरहुकूम आधीच काढता येई आणि नवख्यांना चकित करण्याचा तो खात्रीचा प्रयोग असे. त्यांतले बहुतेक उपग्रह आता कक्षेतून उतरवले गेले आहेत. आजही आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जाताना मुलांना दाखवले जाते, आणि साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या उपग्रहांत ते सर्वांत तेजस्वींपैकी आहे.

मे २०१९ मध्ये उपग्रहांवरून इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकचे पहिले ६० उपग्रह एकाच वेळी सोडण्यात आले आणि चित्र पालटले. त्या वर्षाच्या सुरुवातीला पृथ्वीभोवती सुमारे दोन हजार कार्यरत उपग्रह होते. २०२५ पर्यंत ती संख्या दहा हजारांच्या वर गेली आणि त्यांतले निम्म्याहून अधिक एकट्या स्टारलिंकचे आहेत. भारताचाही यात हात आहे. इस्रोच्या एलव्हीएम-३ या अग्निबाणाने २३ ऑक्टोबर २०२२ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, आणि पुन्हा २६ मार्च २०२३ रोजी वनवेब या अशाच इंटरनेट कंपनीचे प्रत्येकी ३६ उपग्रह कक्षेत नेले.

सोडल्यानंतर काही दिवस स्टारलिंकचे उपग्रह एकामागे एक चालतात. संध्याकाळी ही दिव्यांची माळ दिसली की गावोगावचे व्हॉट्सअ‍ॅप गट पेटतात: कोणी उडत्या तबकड्या म्हणतो, कोणी शत्रूची विमाने, आणि कोणीतरी शेजारच्या तालुक्यातला जुनाच व्हिडिओ आजचा म्हणून पाठवतो. हळूहळू उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरच्या कक्षेत चढतात, एकमेकांपासून पांगतात आणि बरेच मंद होतात.

उपग्रहाला स्वतःचा प्रकाश नसतो, सूर्यप्रकाश अंगावर पडला तरच तो दिसतो. त्यामुळे खाली अंधार आणि वर ऊन अशी स्थिती लागते, आणि ती संध्याकाळी व पहाटे येते. ५५० किलोमीटरवरचा उपग्रह बरोबर डोक्यावर असेल, तर सूर्य क्षितिजाखाली सुमारे २३ अंश जाईपर्यंत त्याच्यावर ऊन असते. साताऱ्याच्या अक्षांशावर सूर्य तिरका न सरकता जवळजवळ उभाच खाली बुडतो, म्हणून हे अंतर कापायला त्याला दीड-पावणेदोन तास पुरतात. त्यानंतर माथ्यावरचा भाग रिकामा होत जातो. पश्चिमेकडे खाली मात्र ठिपके आणखी काही वेळ दिसत राहतात. साताऱ्यात मध्यरात्री सूर्य डिसेंबरात क्षितिजाखाली ८४ अंशांपर्यंत आणि जूनमध्येही ४९ अंशांपर्यंत खोल असतो. या खोलीला ५५० किलोमीटरवरचे उपग्रह सबंध आकाशभर पृथ्वीच्या सावलीत गेलेले असतात. लंडनच्या अक्षांशावर जूनमध्ये सूर्य मध्यरात्रीही पंधरा अंशच खाली जातो, म्हणून तिथे उन्हाळाभर रात्रभर उपग्रहांची ये-जा चालू असते. परदेशी निरीक्षकांची हताशा आपल्याकडे जशीच्या तशी उचलण्यात म्हणूनच अर्थ नाही. वनवेबचे उपग्रह १,२०० किलोमीटरवर असल्याने ते सूर्यास्तानंतर अधिक वेळ उन्हात राहतात, पण ते दूर असल्यामुळे डोळ्यांना सहसा दिसत नाहीत.

याचा व्यवहारातला अर्थ असा की सातारकराचा त्रास दोन वेळांना एकवटलेला आहे. सूर्य मावळल्यावर पहिल्या दोन तासांत, म्हणजे शाळेच्या मुलांना आकाश दाखवण्याची जी एकमेव सोयीची वेळ तीत, आणि पहाटे. पश्चिम क्षितिजाजवळच्या धूमकेतूचा शोध आणि पहाटेचा राशिचक्रप्रकाश (उजाडण्यापूर्वी पूर्वेला वर चढणारा फिकट उजेडाचा पट्टा) या दोन गोष्टींना त्याचा सर्वाधिक फटका बसतो. रात्री अकरानंतर मृग, व्याध, पुनर्वसू पाहणाऱ्याला उपग्रहांपेक्षा थंडीचा आणि घाटमाथ्यावरच्या वाऱ्याचा उपद्रव जास्त.

ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. विमानाला तांबडे-हिरवे दिवे असतात आणि काही दिवे लुकलुकतात. उपग्रह एकसारख्या तेजाने सरकतो आणि चार-सहा मिनिटांत आकाश ओलांडतो. कित्येकदा तो मध्येच, ढग नसताना, विझल्यासारखा नाहीसा होतो. तो पृथ्वीच्या सावलीत शिरलेला असतो आणि ही गोष्ट पहिल्यांदा पाहणारा हमखास ‘गेला कुठं?’ म्हणतो. ठरावीक अंतराने उजळणारा-मंदावणारा ठिपका बहुधा गटांगळ्या खाणारा जुना अग्निबाण असतो. उल्का सेकंदभरात संपते. अग्निबाणाचा तुकडा वातावरणात जळताना मात्र कितीतरी सावकाश जातो आणि त्याचे अनेक तुकडे समांतर धावतात. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्राच्या मोठ्या भागातून असे दृश्य दिसले आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी धातूचे मोठे कडे पडले. तो चिनी अग्निबाणाचा अवशेष असल्याचे मानले जाते.

कंपन्यांनी काही उपाय केले आहेत. स्टारलिंकने २०२० मध्ये आधी काळ्या लेपाचा आणि नंतर ऊन अडवणाऱ्या छज्ज्याचा प्रयोग करून पाहिला. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने उपग्रहांचे तेज सातव्या प्रतीपेक्षा मंद असावे असे सुचवले आहे (प्रत हे तेजाचे माप, आकडा जितका मोठा तितका ठिपका मंद). साध्या डोळ्यांची मर्यादा सहाव्या प्रतीच्या आसपास असल्याने ही अट पाळली तर ते डोळ्यांना दिसणार नाहीत. अट बंधनकारक नाही. दुसरी बाजूही नोंदवायला हवी: जावळी-पाटणच्या ज्या वाड्यांत मोबाइलला रेंज मिळवण्यासाठी टेकाडावर चढावे लागते, तिथे उपग्रहावरून येणारे इंटरनेट चैन ठरत नाही.

प्रस्तुत परिसरात आकाशाचे खरे नुकसान उपग्रहांपेक्षा जमिनीवरच्या दिव्यांनी अधिक केले आहे, आणि ते रात्रभर चालते. पुणे-बंगळूर महामार्ग, औद्योगिक वसाहती, गावोगावच्या चौकांतले हायमास्ट, वर तोंड करून लावलेले एलईडी. जलाशयाकाठी तंबू टाकून ‘ताऱ्यांखाली मुक्काम’ विकणारे लोकच झाडांना दिव्यांच्या माळा गुंडाळतात आणि गाणी लावतात, हे तर न सुटणारे कोडे आहे. फरक एवढाच की दिवे डोंगराआड टाकता येतात. कासच्या माथ्यावर गेले की सातारा शहराचा उजेड पूर्वेकडे राहतो. उपग्रहापासून असे पळून जाता येत नाही. कास, माण आणि अंधाऱ्या आकाशासाठी नावाजलेले लडाखचे हानले यांत त्या बाबतीत फरक नाही. दिव्यांवर नियंत्रण ठेवता येते याचे उदाहरण मात्र राज्यातच आहे: पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले डार्क स्काय पार्क, म्हणजे कृत्रिम उजेडापासून आकाश राखणारे क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली.

छायाचित्रकारांची अडचण वेगळी. डोळ्यांना न दिसणारा उपग्रहही कॅमेऱ्यात रेघ उमटवतो. त्यावर उपाय म्हणून एकच दीर्घ छायाचित्र घेण्याऐवजी कमी वेळेची अनेक छायाचित्रे घेतात आणि संगणकावर एकावर एक रचतात. एखाद्याच चौकटीत आलेली रेघ आज्ञावली वगळून टाकते. डिसेंबरच्या १३-१४ तारखेला मिथुन राशीतल्या उल्कावर्षावाचे चित्रण करताना रेघ उल्केची की उपग्रहाची असा वाद होतो. लागोपाठच्या दोन-तीन चौकटींत रेघ पुढे सरकलेली असेल तर ती उपग्रहाची. उल्का एकाच चौकटीत असते, दोन्ही टोकांना निमुळती आणि पुष्कळदा हिरवट.

मृगाच्या छायाचित्रांत आणखी एक पाहुणा येतो. सुमारे ३५,८०० किलोमीटरवरचे भूस्थिर उपग्रह (पृथ्वीच्याच गतीने फिरत असल्याने आकाशात एका जागी थांबलेले दिसणारे) विषुववृत्तावर असतात, पण साताऱ्याहून पाहताना त्यांची रांग खगोलीय विषुववृत्ताच्या (आकाशातली पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या पातळीतली रेषा) सुमारे तीन अंश दक्षिणेला दिसते. ही रेषा मृग नक्षत्रात नेमकी तिकांडे आणि त्याखालचा तेजोमेघ यांच्या मधून जाते. ताऱ्यांच्या चालीने फिरणाऱ्या माउंटवर कॅमेरा बसवला की हे उपग्रह बारीक, समांतर रेघा होऊन उमटतात. डीडी फ्री डिश ज्यावरून येते तो जीसॅट-१५ याच रांगेत आहे, आणि घरांच्या पत्र्यांवरच्या छत्र्या आग्नेयेला तोंड करून त्याच्याकडेच पाहत असतात.