फरगॉटन रेल्म्सवर एवढा राग नक्की कशाचा?

कोपरखैरणेला रविवारी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून, पात्रं घेऊन टेबलावर गोष्ट खेळायचा गेम) खेळायला आमचा जो ग्रुप बसतो त्यात कोणी नवीन आलं आणि डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, म्हणाला "कॅम्पेन फेरूनमधे आहे" (फेरून हा फरगॉटन रेल्म्स या तयार जगातला मुख्य खंड) की जुन्यांपैकी एक जण तरी तोंड वाकडं करतोच, आणि नवीन पोराला कळत नाही की यात नाक मुरडण्यासारखं काय आहे, कारण तो बाल्डर्स गेट ३ या व्हिडिओ गेममधे शे-दीडशे तास तिथेच राहून आलेला असतो. म्हणून जरा मागचं सांगतो.

सुरुवातीचं पटकन उरकतो. हे जग एका कॅनेडियन पोराने साठच्या दशकात, म्हणजे डी अँड डी जन्माला यायच्याही आधी, स्वतःच्या गोष्टींसाठी रचलं. पुढे त्यातच तो घरी गेम चालवायला लागला आणि १९७९ पासून मासिकात त्यावर लेख यायला लागले. नावातलं "फरगॉटन" म्हणजे पडक्या, विसरलेल्या राज्यांचं जग असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाहीये. मूळ कल्पना अशी की आपल्या पृथ्वीवरून तिकडे जायच्या वाटा होत्या आणि त्या आपण विसरलो. पुढे या कल्पनेचं फारसं काही केलंच नाही कोणी, हा माझा स्वतःचा वेगळा राग.

१९८७ ला ग्रे बॉक्स, म्हणजे रेल्म्सचा पहिला अधिकृत संच, आला आणि पहिला राग तिथेच लागला, तो ग्रेहॉक या त्याआधीच्या जगात खेळणाऱ्यांचा. गेम बनवणाऱ्या दोघांपैकी ज्याचं ग्रेहॉक होतं तोच माणूस कंपनीतून बाहेर पडलेला, त्याचं जग मागे टाकलं आणि हे नवं पुढे आणलं, त्यामुळे ग्रेहॉकवाल्यांसाठी रेल्म्स कायम घरात आलेली सवत. दुसरं म्हणजे ठिगळं. पूर्वेला चीन-जपानच्या नकलेचं कारा-तुर आधीच छापलेलं होतं ते आणून जोडलं, १९९१ ला पश्चिमेला माझ्टिका, १९९२ ला दक्षिणेला अरबी झाखारा. एबेरॉन (गेमचंच दुसरं जग, २००४ चं) खेळणारे आम्हाला यावरूनच चिडवतात. एबेरॉन म्हणजे नवी मुंबई, आधी प्लॅन केला, सेक्टर पाडले, मग माणसं आणली. रेल्म्स म्हणजे ठाणं, तलाव, गावठाण, चाळ, मधेच कारखाना, आता कारखान्याच्या जागी टॉवर. मला ठाणंच आवडतं पण टाऊन प्लॅनिंगवाल्याला ते का आवडत नाही हेही कळतं.

मग एल्मिन्स्टर. कोणालाही विचारा, रेल्म्स का नको, तर पहिलं उत्तर हेच येतं. हा दाढीवाला म्हातारा जादूगार, वर मिस्ट्रा या जादूच्या देवीचे निवडलेले बाकीचे, वॉटरडीप शहरात खेल्बन, आणि १९८८ पासून कादंबऱ्यांमधला हिरो ड्रिझ्ट. म्हणजे पट्टीचा पोहणारा मास्तर तलावाच्या काठावर बसलाय आणि बुडणाऱ्याला काढायला पाचवीतली पोरं, म्हणजे आपली पात्रं, पाठवतायत. तक्रार खरी आहे, पण माझ्या मते थोडी आळशी आहे. मूळ लेखांमधे एल्मिन्स्टर हा माहिती सांगणारा, थापाही मारणारा म्हातारा होता, त्याला टेबलावर आणून पार्टीची लढाई त्याच्याकडून जिंकवा असं ग्रे बॉक्सने कोणाला सांगितलं नव्हतं. ते काम कादंबऱ्यांनी केलं, आणि ज्या डीएमनी त्या जरा जास्तच वाचल्या होत्या त्यांनी.

खरं दुखणं वेगळं आहे आणि ते १९८९ ला पहिल्यांदा दिसलं. गेमचे नियम बदलले की जगावर संकट आणायचं. सेकंड एडिशन आली तेव्हा जवळपास सगळे देव खाली जमिनीवर फेकले गेले, त्यातले बेन, भाल आणि मिर्कुल मेले, मिस्ट्रा मेली आणि तिच्या जागी एक माणूस बाई बसली. नव्या नियमांत अ‍ॅसासिन (मारेकरी) हा क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, नव्हता, तर गोष्टीत झाडून सगळे अ‍ॅसासिन मारून टाकले. तुम्ही वर्षभर अ‍ॅसासिन खेळताय आणि एक दिवस कळतं की नियमपुस्तकात जागा नाही म्हणून तो मेला. तरी तेव्हा लोकांनी ते सहन केलं, कारण गावं जागेवर होती.

२००८ ला गावंच गेली.

आता इथे मला तटस्थ राहायला सांगू नका. माझ्या मित्राकडे २००१ चं थर्ड एडिशनचं रेल्म्सचं पुस्तक होतं, माझ्या मते आजपर्यंतचं सगळ्यात भारी सेटिंग पुस्तक, त्यातल्या नकाशाची आम्ही राम मारुती रोडला कलर झेरॉक्स काढली होती, आठ ए-फोर कागद सेलोटेपने चिकटवलेले, त्यावर निळ्या पेनने पार्टीचा रस्ता, आणि सेंबिया या देशाच्या डोक्यावर चहाच्या कपाचा गोल डाग. नौपाड्यात त्याच्या हॉलमधे जमिनीवर तो पसरायचा आणि आई मधून गेली की टोक उचलून धरायचं. कॅम्पेनचं वर्ष १३७२. फोर्थ एडिशनचं पुस्तक हातात आलं तर त्यात वर्ष १४७९. मधे १३८५ ला सिरिक आणि शार या देवांनी मिळून मिस्ट्राला परत मारलेलं, जादूचं अख्खं जाळं फाटलेलं, त्याला नाव स्पेलप्लेग. लुइरेन देश समुद्राखाली. शार याच नावासारख्या (देवीशी संबंध नाही) गवताळ प्रदेशात अवाढव्य खड्डा. माझ्टिका गायब, त्या जागी आबेर नावाच्या जुळ्या जगाचा तुकडा. आणि हलरुआ हा जादूगारांचा देश स्फोटात खलास.

आमच्यातल्या एकाचा जादूगार हलरुआचा होता. त्याने विचारलं, माझी बहीण? डीएम म्हणाला, अरे शंभर वर्षं झाली. त्याने कॅरेक्टर शीटची चार घड्यांची घडी केली, बॅगेत टाकली आणि पुढचे तीन महिने आलाच नाही.

निर्णयाच्या बाजूनेही बोलायला हवं. वीस वर्षांत इतकं साहित्य साठलं होतं की नवीन माणूस घाबरायचा, टेबलावर एक तरी पुस्तकी किडा असायचाच जो डीएमला म्हणायचा "नाही नाही, त्या गावचा लॉर्ड तो नाही". नव्या एडिशनमधे ड्रॅगनबॉर्नसारखे वंश होते त्यांना राहायला जागा हवी होती, आणि अंधारात लुकलुकणारी मोजकी गावं, बाकी सगळा धोका असं काहीतरी करायचं होतं. पाटी कोरी करायची होती, हेतू वाईट नव्हता. पण झालं उलटंच. नवीन माणसाला आता जुनाही इतिहास आणि मधली शंभर वर्षंही. आणि जुन्यांच्या लक्षात आलं की जवळपास सगळी माणसं म्हातारी होऊन मेली पण जे कादंबऱ्यांत खपतात ते दोघं, एल्मिन्स्टर आणि ड्रिझ्ट, जिवंत. म्हणजे ज्यांना लोक सगळ्यात जास्त वैतागले होते तेच उरले!

यावर नेहमीचं उत्तर म्हणजे, तुमच्या घरी येऊन कोणी नकाशा फाडला का, खेळा की १३७२ मधेच. बरोबर आहे. पण त्यानंतर प्रत्येक नवं अ‍ॅडव्हेंचर, प्रत्येक नवी कादंबरी पुढच्याच काळातली येणार. जुन्या गाडीत खुशाल बसून राहा, गाडी यार्डात चाललीये एवढंच.

पुढचं म्हणजे माघार. २०१३ पासून सहा कादंबऱ्या काढून एकमेकांत घुसलेली ही दोन जगं पुन्हा वेगळी केली, ड्रिझ्टचे मेलेले सोबती परत जन्माला घातले, मिस्ट्रा परत, हलरुआसुद्धा परत. २०१४ च्या फिफ्थ एडिशनला नकाशा पुन्हा ओळखीचा वाटायला लागला. पण आता दुसरी नाराजी, की बहुतेक पुस्तकं स्वोर्ड कोस्टच्या एका किनारपट्टीवरच अडकली, जसं काही ठाणे जिल्हा म्हणजे फक्त घोडबंदर रोड. मग २०२१ ला सांगण्यात आलं की फिफ्थ एडिशनच्या गेमपुस्तकांत जे आहे तेवढंच अधिकृत, जुन्या कादंबऱ्या वगैरे धरायच्या नाहीत. ज्यांनी त्या कादंबऱ्यांमुळे रेल्म्सला शिव्या दिल्या त्यांना आनंद व्हायला हवा होता, झाला नाही, कारण मधल्या काळात त्यातल्या अर्ध्यांनी त्या वाचून काढल्या होत्या.

मागच्या रविवारी ऐरोलीवरून आलेला कॉलेजचा मुलगा जोरात सांगत होता की भाल, बेन, मिर्कुल हे तिघं मिळून शहर गिळायला निघतात, व्हिडिओ गेममधे त्याने स्वतः पाहिलंय. हलरुआवाला आमचा मित्र, तो आता चाळिशीला आलाय, म्हणाला ते तिघं १३५८ ला मेले. मुलगा म्हणाला, काका, १४९२ चालू आहे. डीएमने फासे मधे सरकवले आणि म्हणाला चला, लढाई, इनिशिएटिव्ह टाका.