उन्हातला उत्प्रेरक आणि 'नाहीशी' झालेली औषधे

प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात टायटॅनियम डायऑक्साइडची पूड मिसळून ते उन्हात ठेवले की त्यातील औषधांचे अंश समूळ नष्ट होतात, हा समज बरीच वर्षे फिरत आहे; तो अर्धाच खरा आहे. या उत्प्रेरकाच्या अ‍ॅनाटेज या स्फटिकरूपाला सुमारे ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा, म्हणजे अतिनील प्रकाश लागतो, आणि जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्यऊर्जेत त्याचा वाटा जेमतेम ५ टक्के असतो.

मोठी गल्लत मात्र मोजमापात आहे. प्रकाशामुळे तयार होणारे हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे अतिशय क्रियाशील कण, कार्बामाझेपिन या अपस्मारावरील औषधासारख्या, जैविक प्रक्रियेला दाद न देणाऱ्या रेणूंवरही तुटून पडतात. परंतु मूळ रेणू सापडेनासा झाला म्हणजे त्याचे थेट कार्बन डायऑक्साइड आणि पाणी झाले असे नव्हे, कारण वाटेत इतर संयुगे तयार होतात, आणि त्यांतले अ‍ॅक्रिडीन तर मूळ औषधापेक्षा अधिक विषारी ठरते. एकूण सेंद्रिय कार्बन, म्हणजे पाण्यातील सगळ्या सेंद्रिय संयुगांतला मिळून कार्बन, किती घटला हे न सांगता दिलेला '९९ टक्के औषध नाहीसे' हा आकडा म्हणूनच फारसा बोलका नसतो. शिवाय खऱ्या सांडपाण्यातील विरघळलेले सेंद्रिय पदार्थ आणि बायकार्बोनेट या मूलकांना आधीच गिळून टाकतात, त्यामुळे शुद्ध पाण्यातील प्रयोगांचा वेग तेथे मिळत नाही. आणि बारीक पूड पुन्हा गाळून काढण्याचे काम उरतेच.