‘किती दमलीस?’ हा प्रश्न बिनकामाचा नाही

जिम्नॅस्टिक्समध्ये एक समज घट्ट बसलाय: सरावाचा भार मोजायचा तर छातीला पट्टा बांधून हृदयाचे ठोके पाहा, खेळाडूला विचारणं म्हणजे नुसत्या गप्पा. धावपटूंच्या बाबतीत ठोके बऱ्यापैकी खरं सांगतात. फ्लोअरवर, म्हणजे जमिनीवरच्या कसरतींतही, ते चढतात, मान्य. पण व्हॉल्ट (धावत येऊन टेबलावरून घेतलेली उडी) काही सेकंदांत संपतो. ठोके वाढेपर्यंत मुलगी मॅटवरून उतरलेलीही असते. रिंग्जवर, म्हणजे टांगलेल्या कड्यांवर, हात आडवे पसरून स्थिर क्रॉस धरताना खांद्यांवर काय बेततं, ते पट्ट्याला कुठून कळणार?

स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी जाणवणाऱ्या श्रमाला आकडे दिले. अमेरिकेतल्या कार्ल फॉस्टर यांनी त्यावरून सोपा हिशेब बसवला: सराव संपल्यावर साधारण अर्ध्या तासाने किती श्रम झाले याचा ० ते १० मधला आकडा विचारायचा आणि मिनिटांनी गुणायचं. १५० मिनिटं, श्रम ६, म्हणजे भार ९००. लगेच विचारलं तर शेवटच्या कसरतीचा दमच बोलतो.

लँडिंगला घोटे-गुडघे किती आदळले, हे मात्र या आकड्यात नेमकं दिसत नाही; उड्या वेगळ्या मोजाव्याच लागतात. आणि प्रशिक्षकांनी सगळ्यांसमोर रोखून बघत विचारलं, तर उत्तर ‘३’ येणारच. एकेकीला बाजूला घेऊन विचारा.