‘अन् माय कुठं होती त्याची?’

अमेरिकेतल्या कुठल्याशा गावातून बातमी येते. तीन-चार वर्षांच्या पोराला घरात पिस्तूल सापडलं, खेळता खेळता चाप ओढला गेला, धाकटी बहीण गेली. आपल्याकडे बंदूक घरोघरी नसते, पण परवाना असलेल्या घरातून अधूनमधून अगदी अशीच बातमी येते. सकाळी नागपुरात अंबाझरी तलावाला फेरी मारून मंडळी टपरीवर बसली, कोणी ती मोबाइलवर वाचून दाखवली, की पहिला प्रश्न ठरलेला: “अन् माय कुठं होती बे त्याची?” पिस्तूल बापाचं असतं, पण बाप कुठे होता हे सहसा कोणी विचारत नाही.

तोच प्रश्न ती आई स्वतःलाही विचारत असते, वर्षानुवर्षं. माझं म्हणणं असं की टपरीवरचा माणूस आणि ती आई, दोघांचंही बोट चुकीच्या जागी पडतं. ते तिथेच का पडतं, हे समजायला मानसशास्त्रातला माझा अत्यंत लाडका प्रयोग सांगतो.

1975 साली बारूख फिशहॉफ यांनी इस्रायलमधल्या विद्यार्थ्यांना इतिहासातला एक छोटा उतारा वाचायला दिला. विषय चक्क आपल्या बाजूचा, 1814 साली सुरू झालेलं इंग्रज-गुरखा युद्ध. उताऱ्यात दोन्ही बाजूंच्या जमेच्या आणि पडत्या गोष्टी होत्या. गुरखे जेमतेम 12,000, पण शूर आणि डोंगरात मुरलेले. इंग्रज सेनापती मैदानातल्या लढाईला सरावलेले, त्यांना डोंगरात शत्रू सापडणंच मुश्कील. चांगल्या ठेचा खाल्ल्यावर मग ते सावध झाले. शेवट चार प्रकारचे होऊ शकत होते: इंग्रज जिंकले, गुरखे जिंकले, कोंडी होऊन तह झाला, कोंडी झाली पण तह झाला नाही. एका गटाला शेवट सांगितलाच नाही. बाकीच्या प्रत्येक गटाला चारांतला एकेक शेवट ‘हेच घडलं’ म्हणून सांगितला. मग सगळ्यांना विचारलं, फक्त उताऱ्यावरून बघता प्रत्येक शेवटाची शक्यता किती?

शेवट माहीत नसलेल्यांनी इंग्रजांच्या विजयाला सरासरी 34 टक्के दिले. ‘इंग्रज जिंकले’ हे ऐकलेल्यांनी 57. इतर गटांचा कलही तसाच होता. जो शेवट कानावर पडला, तो आधीपासून दिसतच होता असं वाटायला लागलं. माहीत नसतं तर काय उत्तर दिलं असतं, असं विचारूनही फारसा फरक पडला नाही. आणि खरी गंमत पुढे आहे. उताऱ्यातलं कोणतं वाक्य किती महत्त्वाचं, हेही विचारलं होतं. ‘ठेचा खाल्ल्यावर अधिकारी सावध झाले’ हे एकच वाक्य, पण इंग्रज जिंकल्याचं ऐकलेल्यांना ते फार मोलाचं वाटलं, आणि गुरखे जिंकल्याचं ऐकलेल्यांना किरकोळ. म्हणजे शेवट कळला की माणूस नुसता आकडा वाढवत नाही, तो पुरावाच नव्याने वाचतो. कालपर्यंत जे सटरफटर होतं, ते आज ‘लक्षण’ होतं.

याला हाइंडसाइट बायस म्हणतात, म्हणजे मागाहून आलेल्या शहाणपणाची चूक. सीताबर्डीच्या टेकडीखालून जाताना, इथे नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले इंग्रजांकडून हरणारच होते, असं आपण छातीठोकपणे सांगतो ते याच जोरावर. 1817 च्या नोव्हेंबरात कंपनीची फौज संख्येने कितीतरी कमी होती, तेव्हा तसं सांगणारा विरळा असता. ज्योतिषाचं दुकानही यावरच चालतं. मूल गेल्यावर पत्रिका काढायची आणि ‘बालारिष्ट योग होताच’ म्हणायचं. त्या घरातल्या माणसांवर आधीच ओझं असतं. त्यांना वर शांतीचा खर्च आणि ‘आधी का नाही आलात’ ही टोचणी देणारा माणूस मला चोरापेक्षा वाईट वाटतो.

आता जरा खोलात जाऊ. संशोधक या बायसचे तीन थर मानतात. पहिला स्मृतीचा: आपला जुना अंदाज डोक्यात वेगळा जपलेला नसतो, आठवायची वेळ आली की आजच्या माहितीतून तो नव्याने रचला जातो, म्हणून तो निकालाकडे सरकतो. दुसरा अटळपणाचा: हे होणारच होतं. तिसरा अंदाजाचा: मला हे दिसायला हवं होतं. दुसरा आणि तिसरा एका दिशेने ओढतात असं वाटेल, पण तसं नाही. ‘होणारच होतं’ माणसाला सोडवतं, ‘दिसायला हवं होतं’ माणसाला अडकवतं. दोन्ही एकाच डोक्यात, एकाच रात्री असू शकतात. मुलाच्या अपघातानंतर आईबापांना धरून बसतो तो तिसरा थर.

आणि तो अडकवतो नेमका कुठे? डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1982 मध्ये लोकांना एक गोष्ट दिली होती. एक गृहस्थ रोजचा रस्ता सोडून वेगळ्या रस्त्याने घरी निघतो आणि नशेत ट्रक चालवणाऱ्या पोराच्या धडकेत मरतो. काय झालं नसतं तर तो वाचला असता, यावर वाचक बहुतेक रस्त्यावर बोट ठेवतात. नशेतला पोरगा कमी जणांना सुचतो. मन कल्पनेत घटना खोडायला बसलं की आधी वेगळेपणा खोडतं, नित्याच्या गोष्टीला हात लावत नाही. 1995 मध्ये क्रिस्टोफर डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी जोडीदार किंवा मूल गमावलेल्यांशी बोलून पाहिलं, तर ते मुख्यतः स्वतःचंच वागणं खोडत होते, दोष आपला नाही हे पटलेलं असतानाही. जितकी ही खोडाखोड जास्त, तितका त्रास जास्त.

हे पिस्तुलाच्या घरात आणून बघा. ‘मी फोन घ्यायला बाहेर गेले नसते तर’ हे आईला रोज आठवतं, कारण ती दोन मिनिटं त्या दिवसापुरती होती. गोळ्या भरलेलं पिस्तूल वर्षानुवर्षं उशाच्या ड्रॉवरमध्ये होतं. ते रोजचंच, म्हणून कल्पनेत तिथे हात जात नाही.

प्रत्यक्षात कारण त्या ड्रॉवरमध्येच आहे. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 8 ते 12 वयाच्या मुलग्यांना दोघा-तिघांच्या गटात एका खोलीत फार तर 15 मिनिटं सोडलं होतं. एका ड्रॉवरमध्ये पाण्याच्या दोन पिचकारी-पिस्तुली, दुसऱ्यात खरं, पण गोळी नसलेलं पिस्तूल. काचेपलीकडून त्यांच्यावर नजर ठेवली होती. 29 पैकी 21 गटांना खरं पिस्तूल सापडलं, 16 गटांनी ते हाताळलं, 10 गटांत कोणीतरी चाप ओढला. हाताळणाऱ्यांपैकी 90 टक्क्यांहून अधिक मुलांना बंदुकीपासून सावध राहायचं शिक्षण आधी मिळालेलं होतं. ‘आमच्या पोराला सांगून ठेवलंय’ याची किंमत एवढीच. बोटात जोर नसतो म्हणावं, तर दुसऱ्या एका मोजणीत 3-4 वर्षांच्या मुलांत दर चारांतलं एक मूल दोन बोटांनी साडेचार किलोचा जोर लावू शकत होतं, आणि 7-8 वर्षांची 90 टक्के मुलं. बऱ्याच पिस्तुलांना तेवढा पुरतो.

कायदा इथे मनापेक्षा शहाणा निघाला. फ्लोरिडाने 1989 मध्ये अमेरिकेतला पहिला असा कायदा केला, ज्यात मुलाच्या हाती लागेल असं भरलेलं शस्त्र ठेवणाऱ्या मोठ्याला जबाबदार धरता येतं. आपल्याकडे सात वर्षांखालच्या मुलाने केलेली कोणतीच कृती गुन्हा ठरत नाही, आणि हलगर्जीपणाने मृत्यूसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये पाच वर्षांपर्यंतची शिक्षा आहे.

बंदूक आपल्या घरात नाही म्हणून सुटलो, असं नागपूरकराने समजू नये. पत्र्याचा कूलर आहे. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून लेकरू गेल्याची बातमी येते आणि आजी कुरडया उचलायला गच्चीवर का गेली, यावर घरात वर्षभर बोलणं होतं. अर्थिंग कित्येक उन्हाळे नव्हतं, बोर्डावर 30 मिलिअँपिअर वीज गळताच पुरवठा तोडणारा ब्रेकर नव्हता, पाणी चालू कूलरमध्येच भरायची पद्धत होती. हे त्या बोलण्यात येतच नाही.

आघातानंतरच्या अपराधभावनेवर एडवर्ड क्यूबनी यांनी व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांसोबत आणि नवऱ्याची मारहाण सोसलेल्या बायकांसोबत बरंच काम केलं. त्या उपचारात समोरच्याला त्या क्षणापर्यंत काय माहीत होतं आणि काय नंतर कळलं, हे वेगळं काढायला लावतात. पिस्तुलाच्या घरात असं केलं, तर आईची ती दोन मिनिटं हिशोबातून गळून पडतात. बाहेर जाताना तिला काहीच ठाऊक नव्हतं. ड्रॉवरमधलं पिस्तूल भरलेलं आहे हे मात्र ज्याने भरलं त्याला रोज ठाऊक होतं.