व्हिस्कीवरचा कर आणि पश्चिम पेन्सिल्व्हेनियातला उठाव (१७९१–९४)

स्वातंत्र्ययुद्धासाठी राज्यांनी काढलेले कर्ज अमेरिकेच्या नव्या केंद्र सरकारने १७९० मध्ये स्वतःच्या अंगावर घेतले. ते फेडण्यासाठी अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी देशात गाळल्या जाणाऱ्या दारूवर अबकारी सुचवली आणि मार्च १७९१ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ती मंजूर केली.

अ‍ॅलेघेनी डोंगरांपलीकडे, म्हणजे पश्चिम पेन्सिल्व्हेनियात, भट्टी हा शेतीचाच भाग होता. घोड्यावर राय हे धान्य लादले तर चारच बुशेल (धान्य मोजायचे माप) जाई. त्याची व्हिस्की गाळून दोन पिंपांत भरली की तोच घोडा सुमारे २४ बुशेलांचा माल नेई. खालच्या मिसिसिपीवर स्पेनचा ताबा असल्याने नदीने माल नेणेही बेभरवशाचे. रोकड इतकी कमी की मजुरीसुद्धा व्हिस्कीत चुकती होई. कर मात्र रोखीनेच भरायचा होता.

त्यात आकारणीची पद्धत. खेड्यातल्या भट्टीवर तिच्या क्षमतेच्या दर गॅलनमागे वर्षाला ६० सेंट. म्हणजे १०० गॅलनच्या भट्टीला ६० डॉलर. वर्षभर भट्टी पेटती ठेवून २,००० गॅलन काढणाऱ्याला हा कर गॅलनला ३ सेंट पडे. हंगामापुरती भट्टी लावणाऱ्याने प्रत्यक्ष उत्पादनावर ९ सेंटांनी भरावे, अशी सोय होती. पण त्यासाठी रोजची वही ठेवणे आले. १७९२ मध्ये दर ५४ आणि ७ सेंटांवर आणले, तरी लहान माणसावरचा जादा भार तसाच राहिला. आमच्या मते असंतोषाचे मूळ इथेच आहे.

सप्टेंबर १७९१ मध्येच वसुली अधिकारी रॉबर्ट जॉन्सन यांना डांबर फासून पिसे चिकटवण्यात आली.

मग खटल्यांचा प्रश्न पेटला. कर चुकवणाऱ्याला डोंगर ओलांडून थेट फिलाडेल्फियाच्या न्यायालयात जावे लागे; त्यात ऐन कामाचे आठवडे जात. जून १७९४ मध्ये स्थानिक न्यायालयांची मुभा मिळाली, पण मार्शल (समन्स बजावणारे केंद्राचे अधिकारी) डेव्हिड लेनॉक्स जुलैत आले ते मे महिन्यातली, फिलाडेल्फियाचीच समन्स घेऊन. त्यांच्यासोबत महसूल निरीक्षक जॉन नेव्हिल होते, जे स्वतः मोठे भट्टीमालक. १६ आणि १७ जुलैला नेव्हिल यांच्या बॉवर हिल या घरावर हल्ला झाला. जमावाचे नेते जेम्स मॅकफार्लेन गोळीने पडले आणि घर जाळले गेले. १ ऑगस्टला पिट्सबर्गजवळच्या ब्रॅडॉक्स फील्डवर सुमारे ७,००० लोक जमले.

राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी चार राज्यांतून जवळपास १३,००० जणांची मिलिशिया (नागरिकांची फौज) उभी केली आणि पेन्सिल्व्हेनियातल्या बेडफर्डपर्यंत ते स्वतः गेले. लढाई झालीच नाही. दोघांना देशद्रोहाची शिक्षा झाली, १७९५ मध्ये दोघांनाही माफी मिळाली. वसुली पुढेही रडतखडतच चालली. राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या काळात, १८०२ मध्ये, कर रद्द झाला.