जुन्या बाईकचं अ‍ॅव्हरेज आणि टाकीतलं शेवटचं लिटर

रिझर्व्ह, म्हणजे टाकीच्या तळचा राखीव साठा, लागल्यावर एक लिटर टाकायचं, पुन्हा रिझर्व्ह लागेपर्यंत गाडी किती किलोमीटर गेली ते बघायचं, आणि आकडा कमी आला की इंजिनाला दोष द्यायचा. कार्बोरेटरवाल्या जुन्या गाड्यांचं अ‍ॅव्हरेज बहुतेक वेळा असंच काढतात. यात खोट मोजण्यातच आहे. गाडी चढावर आहे की उतारावर, टाकीत पेट्रोल कसं हिंदकळतंय, यावर रिझर्व्ह लागण्याची वेळ ठरते. तिथे 150 मिलिलिटरचा फरक सहज पडतो. एका लिटरवर ती 15 टक्क्यांची चूक झाली. सात लिटरवर तीच चूक जेमतेम दोन टक्के.

म्हणून टाकी फुल करून मोजायचं. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करा आणि पेट्रोल टाकीच्या गळ्याच्या तळापर्यंत भरा. झाकणापर्यंत नको. पेट्रोल 10 अंश तापलं की साधारण एक टक्का फुगतं, म्हणजे 10 लिटरला 100 मिलिलिटर, आणि उन्हात ते झाकणातून बाहेर येतं. ओडोमीटरचा आकडा लिहून ठेवा. निदान सहा-सात लिटर जाळल्यावर त्याच पंपावर, त्याच खुणेपर्यंत पुन्हा भरा. 412 किमीला 7.1 लिटर लागलं, तर अ‍ॅव्हरेज 58. मापाचा संशय असेल तर पंपावर 5 लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं, ते मागून तपासता येतं. पाच लिटरला 25 मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो.

ओडोमीटरवरही डोळे झाकून विश्वास नको. टायर झिजला की त्याचा घेर घटतो, तेवढ्याच अंतरात चाक जास्त फिरतं आणि मीटर जास्त किलोमीटर दाखवतो. फोनच्या जीपीएसवर 50 किमी झाले असताना मीटर 52 दाखवत असेल, तर 58 ला 50/52 ने गुणा. खरं अ‍ॅव्हरेज 55.8.

जाहिरातीतला आकडा गाठायचा हट्ट मात्र सोडलेला बरा. भारतात वर्षानुवर्षं वापरलेल्या ‘इंडियन ड्रायव्हिंग सायकल’ चाचणीत कमाल वेग ताशी 42 किमी आणि सरासरी वेग ताशी 22 च्या आसपास असतो. गाडी रोलरवर फिरते, समोरून वारा नाही, मागे डबलसीट नाही. प्रत्यक्षात वेग 40 वरून 80 वर नेला की हवेचा अडथळा चौपट होतो. सरळ बसलेल्या चालकासकट 100 सीसीच्या गाडीला ताशी 40 ला हवा आणि टायर मिळून साधारण 80 न्यूटनचा विरोध होतो, म्हणजे किलोमीटरला 80 किलोज्यूल लागतात. लिटरला 60 देणारी गाडी त्यासाठी 530 किलोज्यूलचं पेट्रोल जाळते. बाकीची सगळी उष्णता.

आता गाडीतले दोष. सर्वांत जास्त पेट्रोल कार्बोरेटरमधली (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागातली) नीडल खाते, म्हणजे थ्रॉटलबरोबर वर-खाली होऊन पेट्रोल कमी-जास्त सोडणारी सुई, आणि ती इंजिन उघडून सापडत नाही. वर्षानुवर्षं थरथरत ती ज्या पितळी भोकात फिरते त्या नीडल जेटला घासते, भोक लंबगोल होतं आणि पाव ते पाऊण थ्रॉटलमध्ये पेट्रोल जास्त जातं. रोजची गाडी याच पट्ट्यात चालते. प्लग काळा, कोरडी काजळी धरलेला निघतो. मेकॅनिक एअर स्क्रू फिरवून देतो, पण त्याचा परिणाम आयडलिंगपुरता आणि थोड्या थ्रॉटलपर्यंतच. नीडल आणि नीडल जेट जोडीनंच बदलावे लागतात. क्लिप वरच्या खाचेत घालून नीडल खाली उतरवणं ही तात्पुरती मलमपट्टी.

दुसरा चोर फ्लोट-वाल्व्ह, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणारी झडप. त्याचं टोक झिजलं की गाडी ओव्हरफ्लो होते. रात्री टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद न केल्यास सकाळी खाली डाग आणि पेट्रोलचा वास. चोक पूर्ण परत न बसणं आणि तुंबलेला एअर फिल्टर या दोन्हींनीही मिश्रण घट्ट होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त जातं. मग मागचं चाक स्टँडवर न्यूट्रलमध्ये हातानं फिरवा. दोन-तीन फेरेही सुटे फिरत नसेल तर ब्रेक लायनर घासतोय किंवा चेन फार ताणली आहे.

टू-स्ट्रोकचा न्याय वेगळा. तिथे ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच एक्झॉस्टमधून निघून जातो. कितीही ट्यूनिंग केलं तरी ही गळती रचनेतलीच आहे.

इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. त्यामुळे ई-20 मध्ये, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये, शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के कमी ऊर्जा असते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यानं त्याच जेटवर मिश्रण पातळ होतं. नीडल झिजलेल्या गाडीला हे गंमत म्हणजे मानवूही शकतं. जुन्या रबरी नळ्या आणि सील मात्र फुगतात. कोकणच्या पावसात इथेनॉल ओलावा ओढतं, आणि पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी वेगळं बसतं. नेमकं रिझर्व्ह जिथून उचललं जातं तिथे.

टाकीत कॉकच्या दोन नळ्या असतात, एक उंच, एक बुटकी. ‘ऑन’वर उंच नळीतून पेट्रोल येतं. ती उघडी पडली की बुटकीच्या तोंडापर्यंतचं पेट्रोल म्हणजे रिझर्व्ह. छापील आकड्यावर न जाता ते मोजून ठेवा: ‘ऑन’वर गाडी बंद पडल्यावर इंजिन थंड होऊ द्या, मोकळ्या जागी कार्बोरेटरची नळी काढा, कॉक रिझर्व्हवर करा आणि धातूच्या मापात पेट्रोल उतरवा. 1.2 लिटर निघालं आणि अ‍ॅव्हरेज 55 असेल, तर कागदावर 66 किमी. घाटात तेवढे धरू नका. दोन माणसांसकट 250 किलोची गाडी खोपोलीहून लोणावळ्याला सुमारे 550 मीटर चढते, त्या उंचीसाठीच 200 मिलिलिटरच्या आसपास जादा पेट्रोल जातं.

गाडी वीस-पंचवीस किमीनंतर गुदमरून बंद पडली, तर आधी झाकण उघडा. फुस्स आवाज येऊन गाडी चालू झाली तर पेट्रोल संपलेलं नाही, झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. आणि रिझर्व्हही खरंच संपलं, तर टाकी चौकटीवर घोड्याच्या खोगिरासारखी बसलेली असते हे आठवा. कॉकच्या उलट्या बाजूला थोडं पेट्रोल अडकून राहतं. गाडी कॉकच्या बाजूला चांगली कलती करा, ते मधला उंचवटा ओलांडून इकडे येतं आणि एक-दोन किलोमीटरची सोय होते.