महास्फोटावरच्या आक्षेपांची पार्श्वभूमी

डिसेंबर २०२१मध्ये नाशिकला ९४वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत. नारळीकर महास्फोट, म्हणजे विश्वाची सुरुवात एका अतितप्त, अतिदाट अवस्थेतून झाली हा सिद्धान्त, मानत नसत, हे बहुतेकांना ऐकून ठाऊक असतं. का मानत नसत, हे सहसा कुणी सांगत नाही.

मूळ अडचण वयाची. खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलच्या १९२९च्या मापांवरून विश्वाच्या प्रसरणाचा दर मेगापार्सेकमागे (सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे) सेकंदाला सुमारे ५०० किलोमीटर निघाला. त्याचा व्यस्त काढला की विश्वाचं वय जेमतेम २०० कोटी वर्षं. पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने, म्हणजे बापापेक्षा लेक मोठा! म्हणून १९४८मध्ये हॉयल, बाँडी आणि गोल्ड यांनी स्थिर स्थितीचं विश्व मांडलं: प्रसरण चालूच, पण नवं द्रव्य निर्माण होत राहून घनता तेवढीच. प्रसरण त्यांनीही नाकारलं नव्हतं, हे आजचे आक्षेपक हमखास विसरतात. १९५२मध्ये खगोलशास्त्रज्ञ बाडेने अंतरं मोजायला वापरल्या जाणाऱ्या सेफीड ताऱ्यांचे दोन प्रकार वेगळे केले, अंतरं दुप्पट झाली आणि वयाचा पेच सैल पडला.

स्थिर विश्वावरचा खरा घाव १९६५चा. पेन्झियास आणि विल्सन यांच्या कर्ण्यासारख्या अँटेनाने ७.३५ सेंटिमीटर तरंगलांबीवर, थेट डोक्यावरच्या आकाशातून ६.७ केल्विन गोंगाट टिपला. तुलनेला द्रव हेलियमने थंड केलेला संदर्भस्रोत होता. वातावरणाचे २.३, अँटेनातल्या विद्युतरोधाचे ०.८, जमिनीकडून येणारे ०.१ वजा केले, उरले ३.५. सांध्यांवर ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवली, कबुतरं हाकलली, विष्ठा खरवडली. आकडा हलेना. विश्व आरंभी तप्त असेल तर आज अशीच मंद उष्णता आकाशभर उरायला हवी; स्थिर विश्वाकडे तिचं सोपं उत्तर नव्हतं.

हॉयल, बर्बिज आणि नारळीकरांनी १९९३मध्ये सुधारित मांडणी केली: ताऱ्यांचा जुना प्रकाश लोखंडाच्या मिलिमीटरभर सुया शोषतात आणि सूक्ष्मतरंगांत परत सोडतात. विश्वातलं हेलियम ताऱ्यांतच बनलं असं धरलं, तर त्या ऊर्जेचं तापमान पावणेतीन केल्विनच्या आसपास येतं. हिशोब नामी आहे. अडतं ते सुयांच्या प्रमाणावर. जास्त धरल्या तर दूरच्या रेडिओ दीर्घिका झाकल्या जातील, कमी धरल्या तर कोबे उपग्रहाला दिसलेला २.७२५ केल्विनचा इतका नितळ कृष्णवस्तू वर्णपट (एकाच तापमानाच्या आदर्श वस्तूच्या प्रारणाचा) जमणार नाही.

मूळच्या स्थिर विश्वात आकाशभरच्या या सूक्ष्मतरंगांचं तापमान सर्वकाळ सारखंच हवं. २००८मध्ये आर. श्रीआनंद आणि सहकाऱ्यांनी २.४१८ ताम्रसृतीच्या (प्रसरणामुळे प्रकाशतरंग किती ताणले गेले याचं माप; जितकं जास्त, तितका काळ जुना) वायुढगातल्या कार्बन मोनॉक्साइडच्या शोषणरेषांवरून ते मोजलं. प्रसरणानुसार अपेक्षा ९.३ केल्विन, माप ९.१५, अधिकउणे ०.७. म्हणजे पूर्वी विश्व खरंच जास्त उबदार होतं. श्रीआनंद पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संशोधन केंद्रातले, नारळीकरांनीच उभारलेल्या संस्थेतले.